बोट लागली, तर...

चोर्ला घाटाचं पहिलं वळण आलं की आमच्या घरातली निम्मी माणसं गप्प होतात. कुणी गाडीची काच खाली करतं, कुणी पिशवीतलं लिंबू हुंगतं, कुणी डोळे मिटून देवाचं नाव घेतं. गोव्याला जाताना एखादी रिकामी पिशवी हाताशी ठेवायची, हे आमच्याकडे पाण्याच्या बाटलीइतकंच ठरलेलं. 'गाडी लागणं' म्हणजे काय, हे बेळगावच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

तरीही गेल्या वर्षी मे महिन्यात आईची पंचाहत्तरी बोटीवर साजरी करायचं ठरलं, तेव्हा आमच्यापैकी एकाच्याही मनात हा विचार आला नाही. मुंबईहून निघायचं, दोन रात्री समुद्रावर राहायचं आणि गोव्यात उतरून मोटारीनं घरी यायचं, असा बेत होता. एवढी मोठी दहा मजली बोट, ती कशाला हलतेय? दादानं वरच्या मजल्यावरच्या, अगदी पुढच्या बाजूच्या खोल्या घेतल्या. "समुद्र झकास दिसतो," म्हणाला. वहिनी धारवाडची. तिनं आईसाठी नवी इरकल साडी आणि वाटेत खायला कुंद्याचा डबा घेतला. मी आईच्या बीपीच्या आणि शुगरच्या गोळ्या मोजून डबीत भरल्या. बोट लागू नये म्हणून मात्र कुणीच काही घेतलं नाही.

पहिली रात्र

संध्याकाळी बोट सुटली. मुंबईचे दिवे मागे पडेपर्यंत सगळे डेकवर फोटो काढत होते. मग जेवणाचा हॉल. भटुरे, पनीर, गुलाबजाम, आईस्क्रीम. पैसे भरलेत तर वसूल करायचे, या आपल्या नियमाप्रमाणं सगळ्यांनी पोटभर जेवून घेतलं.

दहाच्या सुमाराला बोट डुलू लागली. वारा फारसा नव्हता, पण मे संपत आला की अरबी समुद्राला पावसाळ्याची चाहूल लागते आणि नैर्ऋत्येकडून लांबवरच्या मोठ्या, सावकाश लाटा येऊ लागतात. पुढच्या बाजूची आमची खोली वर जायची, क्षणभर थांबायची आणि खाली बसायची. भाचा अंथरुणात मोबाइलवर गेम खेळत होता. पहिला नंबर त्याचा लागला. त्याला सावरता सावरता वहिनी भिंतीला धरून खाली बसली आणि म्हणाली, "तली तिरगाकत्तैती." दादानं रात्रभर बादल्या धुतल्या.

आई मात्र भिंतीकडं तोंड करून पडून होती. विचारलं तर म्हणाली, "मला काय झालंय? काय नाही. जागा बदलली की झोप येत नाही, एवढंच."

सकाळी नेहमीच्या सवयीनं तिनं आधी शुगरची गोळी घेतली. मग ताटातल्या इडलीचे दोन घास खाऊन बशी बाजूला सारली. अकराच्या सुमाराला मी खोलीत गेले तर तिच्या कपाळावर घाम होता, हात थरथरत होते. बोट लागली असणार म्हणून मी पंखा घालू लागले. तेव्हा तिनं माझ्याकडं बघून विचारलं, "पडाव आला काय गं? वेंगुर्लं आलं?"

मला आधी हसू आलं, आणि दुसऱ्याच क्षणी पोटात गोळा आला. ती थट्टा करत नव्हती.

बोटीवरच्या डॉक्टरांनी बोटाला सुई टोचून रक्तातली साखर बघितली. ती 54 होती. वहिनी कुंद्याचा डबा उघडायला लागली, तर डॉक्टर म्हणाले, "तो नको. त्यातल्या दुधा-तुपामुळं साखर रक्तात उतरायला वेळ लागतो. साधं साखरेचं पाणी द्या." आई गिळू शकत होती, म्हणून चमच्यानं साखरपाणी दिलं. पंधरा मिनिटांनी परत तपासलं. अर्ध्या तासात ती आमच्या नावानं हाका मारू लागली.

डॉक्टरांनी जाताना सांगितलेलं वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय. बोट लागली की गार घाम येतो, साखर उतरली की सुद्धा गार घामच येतो. तेव्हा मधुमेहाच्या माणसाला घाम आला तर समुद्राला दोष देऊ नका, आधी साखर तपासा.

दुपारी आईनं कबूल केलं की रात्रभर तिला मळमळत होतं. मग सांगितलं का नाहीस? "तुमची एवढी हौस. पंचाहत्तरीलाच म्हातारी ओकत बसली असं व्हायला नको होतं. लाज वाटली की गं."

हा लेख त्या लाजेसाठी लिहितेय. आता मुंबई, गोवा, कोची, लक्षद्वीप अशा सफरींच्या जाहिराती आपल्या भागातही येतात. लग्नाचा वाढदिवस, निवृत्ती, पंचाहत्तरी अशा निमित्तानं आजी-आजोबांना बोटीवर नेण्याची हौस वाढलीय. जरूर न्यावं. पण बोट लागणं हा मनाचा दुबळेपणा नव्हे आणि पोटाचा आजारही नव्हे, एवढं घरातल्या प्रत्येकाला माहीत असावं.

दोष पोटाचा नव्हे

मराठीत आपण म्हणतो, पोटात ढवळतंय. कानडीत म्हणतात, होट्टी तोळसतैती. शब्द वेगळे, पण चित्र एकच: कुणीतरी आत पळी घालून ढवळतंय. दोन्ही भाषांनी दोष पोटाला दिला. खरं भांडण सुरू होतं ते कानात.

आपल्या कानाच्या अगदी आतल्या भागात तोल सांभाळणारं इंद्रिय असतं. त्यात द्रवानं भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. डोकं वळलं की त्या मेंदूला कळवतात. शेजारीच कॅल्शियमच्या बारीक कणांचे दोन ठिपके असतात. वर-खाली किंवा मागं-पुढं हालचाल झाली की ते कण सरकतात. आता बंद खोलीत बसलेल्या माणसाचं काय होतं? कान सांगतो, आपण वर चाललोय, खाली चाललोय. डोळे सांगतात, भिंत जागच्या जागी आहे, पलंगही हललेला नाही. पायांचे स्नायू तिसरंच काही सांगतात. घरात तिघं तीन तऱ्हेनं बोलायला लागले की मालकाचं डोकं फिरतं, तसं मेंदूचं होतं. जांभया येतात, तोंडाला पाणी सुटतं, चेहरा पांढरा पडतो, गार घाम येतो, आणि मग उलटी.

कानाचा हा दोष खरा असल्याचा एक जुना पुरावा मोठा गमतीचा आहे. 1958 पासून दहा वर्षं अमेरिकेत अकरा कर्णबधिर पुरुषांवर अंतराळप्रवासाच्या तयारीचे प्रयोग झाले. त्यांतल्या बहुतेकांच्या आतल्या कानाचं काम मेंदूज्वरामुळं लहानपणीच बंद पडलेलं होतं. कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाच्या किनाऱ्यापाशी खवळलेल्या समुद्रात त्यांना बोटीनं नेलं, तर ही मंडळी मजेत पत्ते खेळत बसली आणि प्रयोग करणारे शास्त्रज्ञच इतके आडवे झाले की प्रयोग बंद करावा लागला. ज्याचा तोलाचा कान चालत नाही त्याला बोट लागत नाही. म्हणजे ज्याला बोट लागते त्याचा कान चोख काम करतोय, असंच म्हणायला हवं!

लाज वाटून घेणाऱ्यांनी आणखी दोन नावं लक्षात ठेवावीत. इंग्लंडच्या आरमाराचा सेनापती नेल्सन याला आयुष्यभर समुद्र लागत असे. आणि उत्क्रांतिवादाचा जनक चार्ल्स डार्विन 1831 ते 1836 अशी पाच वर्षं 'बीगल' जहाजावर होता, पण अखेरपर्यंत त्याला बोट लागतच राहिली. मनुके तेवढे त्याच्या पोटात ठरत. इंग्रजीतला मळमळीचा 'नॉशिया' हा शब्दसुद्धा ग्रीक भाषेतल्या जहाज या अर्थाच्या 'नाउस'वरून आलाय. दुखणं किती जुनं आहे बघा.

कुणाला जास्त लागते?

दोन वर्षांखालच्या बाळांना सहसा लागत नाही. दोन ते बारा या वयात त्रास सर्वांत जास्त असतो. पुढं वयाबरोबर तो साधारण कमी होत जातो, पण आजी-आजोबांना होणारच नाही असं समजू नये. पुरुषांपेक्षा बायकांना, त्यातही पाळीच्या दिवसांत आणि गरोदरपणात, तो अधिक होतो. अर्धशिशी असणाऱ्यांनीही सावध असावं. घाटात गाडी लागणाऱ्याला बोट लागण्याची शक्यता जास्त. उलट घाटात काही होत नाही म्हणून समुद्रावरही होणार नाही, अशी खात्री देता येत नाही, कारण लाटेचा झोका वेगळा. साधारण पाच सेकंदांना एक अशा सावकाश वर-खाली होण्यानं माणसाला सगळ्यात जास्त मळमळतं, असं शास्त्रज्ञांना आढळलंय. मोठ्या बोटीला बसणारे झोके याच जातीचे असू शकतात.

तिकीट काढतानाच अर्धं काम

आमची पहिली चूक महिन्याची. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर डिसेंबर ते फेब्रुवारी समुद्र बहुतेक शांत असतो. मेच्या उत्तरार्धात तो बदलू लागतो. मुलांच्या सुट्टीचा मोह आवरता आला तर बघा.

दुसरी चूक खोलीची. पाळण्याची फळी आठवा. मध्ये बसलेल्याला झोका कमी, टोकाला बसलेल्याला जास्त. बोटीचंही तसंच. लांबीच्या मधोमध आणि खालच्या मजल्यावरची खोली सर्वांत कमी हलते. अगदी पुढची आणि अगदी वरची सर्वांत जास्त. आम्ही जादा पैसे मोजून नेमकी तीच घेतली होती. मधल्या भागात खिडकीची खोली मिळाली तर उत्तम. मोठ्या बोटींना पाण्याखाली माशाच्या परांसारखी पाती असतात. ती बोटीचं डावी-उजवीकडं कलंडणं बरंच कमी करतात, पण पुढून-मागून उचललं जाणं त्यांना फारसं आवरत नाही.

तिसरी चूक ताटातली. निघण्याच्या दिवशी आणि पहिल्या रात्री तेलकट, तिखट, भरपेट जेवण नको, दारू तर नकोच. पण उपाशीही राहू नका. रिकाम्या पोटी मळमळ वाढते. मऊ भात, इडली, टोस्ट, केळं, चुरमुरे असं थोडं थोडं, दोन-तीन तासांनी खावं. आदल्या रात्री झोप पुरी करावी. रात्रभर बसनं मुंबई गाठून थेट बोटीवर चढलेला माणूस लवकर आडवा होतो.

बोटीवर काय करावं?

लक्षणं सुरू होताच उठून मोकळ्या हवेत, मधल्या डेकवर जावं आणि क्षितिजाकडं बघावं. पाणी आणि आभाळ मिळतं ती रेघ स्थिर असते. आपण तिच्यापुढं हलतोय हे डोळ्यांना दिसलं की डोळे आणि कान एकच गोष्ट सांगू लागतात आणि भांडण मिटतं. घाटात चालवणाऱ्याला गाडी लागत नाही, मागच्या सीटवरच्याला लागते, याचं कारण थोडंफार हेच. चालवणारा रस्ता बघत असतो आणि पुढचं वळण त्याला आधीच ठाऊक असतं.

बाहेर जाता येत नसेल, रात्र असेल, तर उताणं पडून डोळे मिटावेत. डोकं उशीत घट्ट ठेवावं, इकडं तिकडं वळवू नये. पुस्तक, मोबाइल, विणकाम बंद. आमच्या भाच्याला गेमनं आडवं केलं, कारण डोळे पडद्यावर खिळलेले आणि शरीर झोक्यावर. स्वयंपाकाचा, डिझेलचा, उग्र अत्तराचा वास टाळावा. दीर्घ, सावकाश श्वास घ्यावेत. आणि घरच्यांनी दर पाच मिनिटांनी "अजून मळमळतंय काय?" असं विचारू नये. मन दुसरीकडं वळवणारं गाणं किंवा गप्पा जास्त उपयोगी पडतात.

उलटी आलीच तर पिशवीत किंवा संडासात करावी. कठड्यावरून बाहेर वाकणं जिवावर बेतू शकतं, शिवाय वाऱ्यानं सगळं परत अंगावर येतं. त्यानंतर एकदम पेलाभर पाणी पिऊ नये. ओआरएस, मीठ घातलेलं ताक, पेजेचं पाणी, जे आवडेल ते घोट घोट घ्यावं.

धीराची गोष्ट ही, की बहुतेकांच्या मेंदूला दोन-तीन दिवसांत झोक्याची सवय होते. दोन रात्रींच्या सफरीत मात्र सवय होईपर्यंत उतरायची वेळ येते! म्हणून छोट्या सफरीला तयारी जास्त हवी.

आलं, लिंबू आणि मनगटाचा पट्टा

आपण आलं म्हणतो, कानडीत कुणी हसी शुंठी म्हणतात, आपल्या बाजूला नुसतं अल्ल. दोन्ही घरांतल्या आज्ज्यांचा भरवसा एकाच मुळावर. या भरवशाला थोडा आधारही आहे. 1988 साली डेन्मार्कच्या आरमारातल्या 80 शिकाऊ खलाशांवर खुल्या समुद्रात झालेली एक चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात सुंठीची पूड घेतलेल्यांना उलट्या आणि गार घाम यांचा त्रास कमी झाला. मळमळ आणि चक्कर यांवर मात्र तितका फरक दिसला नाही. इतर चाचण्यांचे निकाल संमिश्र आहेत. तेव्हा आल्याचा तुकडा चघळायला हरकत नाही, पण जोराच्या त्रासाला तेवढं पुरेल असं धरू नका. आलेपाकाच्या वड्यांत साखर असते, हे मधुमेहवाल्यांनी विसरू नये. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर सुंठीची पूड भरपूर घेण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

लिंबू हुंगल्यानं बरं वाटतं, वाईट वास मागं पडतो. ते औषध नव्हे, पण अपायही नाही. मनगटाच्या आतल्या बाजूला, घडीपासून तीन बोटं वर, दोन शिरांसारख्या दोऱ्यांच्या मध्ये दाब देणारे पट्टे मिळतात. त्यांच्याबद्दलही निष्कर्ष संमिश्र आहेत. कुणाला गुण येतो, कुणाला नाही.

गोळी आधी, बोट नंतर

सर्वांत महत्त्वाची गोष्ट वेळेची. बोट लागल्यावर पोटाचं काम मंदावतं, गोळी आतच पडून राहते किंवा बाहेर येते. म्हणून गोळी निघण्याआधी घ्यायची असते. साधारण अर्धा ते दोन तास आधी, आणि काही औषधं आदल्या रात्री. नेमकी वेळ आणि प्रमाण डॉक्टर सांगतील.

घाटासाठी आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या चालत आलेली ॲव्होमिन म्हणजे प्रोमेथाझिन. स्टुजेरॉन म्हणजे सिनारिझिन. मेक्लिझिन, डायमेनहायड्रिनेट ही त्याच कुळातली औषधं. ही सगळी कमी-अधिक झोप आणतात, तोंड कोरडं पाडतात. म्हाताऱ्या माणसांत गोंधळल्यासारखं होऊ शकतं, आणि हलत्या जिन्यावर तोल गेला तर खुब्याचं हाड मोडायला वेळ लागत नाही. प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांची लघवी अडू शकते. काचबिंदूच्या काही प्रकारांत ही औषधं चालत नाहीत. कंपवात असणाऱ्यांचा त्रास सिनारिझिननं वाढू शकतो. प्रोमेथाझिन दोन वर्षांखालच्या बाळाला देऊच नये. गरोदर बाईनं कुठलीच गोळी स्वतःच्या मनानं घेऊ नये. या गोळ्यांवर दारू नको, आणि गोळी घेतलेल्यानं गाडी चालवू नये. गोव्यात उतरून लगेच चोर्ल्यातून गाडी हाकणाऱ्यांनी याचा विचार करावा.

बऱ्याच घरांत उलटीची गोळी म्हणून ऑन्डान्सेट्रॉन असते. ती पोटाच्या बिघाडात उपयोगी आहे, पण बोट लागू नये म्हणून तिचा फारसा उपयोग होत नाही. 'उलटीची गोळी आहे की घरात' असं म्हणून निर्धास्त राहिलेल्यांची म्हणूनच फसगत होते. परदेशातून आलेले नातेवाईक कधी कानामागं चिकटवायची स्कोपोलामिनची पट्टी देतात. ती किमान चार तास आधी लावावी लागते आणि तीन दिवस चालते. औषध गुणकारी आहे, पण वर सांगितलेल्या सगळ्या सावधगिरी तिलाही लागू. पट्टी हाताळल्यावर साबणानं हात धुवावेत. तेच बोट डोळ्याला लागलं तर नजर अंधूक होते. दुसऱ्याच्या पाकिटातली पट्टी आईच्या कानामागं लावून बघणं तर मुळीच नको.

शुगर, बीपी आणि समुद्र

आमच्या घरात जे झालं ते टाळायला अवघड नव्हतं. निघण्याच्या आठवडाभर आधी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारायला हवा होता: "जेवण गेलं नाही, उलट्या झाल्या, तर कुठली गोळी थांबवायची, कुठली नाही?" उत्तर प्रत्येकाचं वेगळं असतं. इन्सुलिन आपल्या मनानं बंद करणंही धोक्याचं, आणि न जेवता साखर उतरवणारी गोळी घेणंही धोक्याचं. म्हणून उत्तर कागदावर लिहून घ्यावं आणि तो कागद गोळ्यांच्या डबीतच ठेवावा.

साखर तपासायचं यंत्र, जास्तीच्या पट्ट्या आणि ग्लुकोजची पुडी हातातल्या पिशवीत असावी, सामानात दिलेल्या मोठ्या बॅगेत नव्हे. गोळी घेतल्यावर लगेच उलटी झाली तर दुसरी घ्यायची की नाही, हेही विचारून ठेवावं. माणूस गुंगीत असेल, गिळत नसेल, तर तोंडात पाणी घालू नये, तडक डॉक्टर बोलवावेत.

आणखी काही खुणा बोट लागण्याच्या नव्हेत. छातीत दुखणं, जबडा किंवा डावा हात भरून येणं आणि त्याबरोबर घाम व मळमळ असेल, तर तो हृदयाचा प्रश्न समजून धावावं. ताप आणि जुलाब असतील तर पोटाचा संसर्ग असू शकतो. बोटीवर तो झपाट्यानं पसरतो, लपवू नये. दिवसभर पाणीही पोटात ठरत नसेल, लघवी फार कमी झाली असेल, बोलणं असंबद्ध होत असेल, तर वाट बघू नये.

वेंगुर्ल्याची गोष्ट

त्या दिवशी चारच्या सुमाराला आम्ही आईला मधल्या डेकवर नेलं. ऊन उतरलं होतं. क्षितिजाची रेघ समोर होती. वहिनीनं आईच्या हातात ताकाचा पेला दिला. "अत्ती, एक एक घोट," म्हणाली. आणि आई बोलू लागली.

1962 सालची गोष्ट. ती बारा वर्षांची होती. वडिलांबरोबर आंबोलीच्या घाटानं वेंगुर्ल्याला गेली आणि तिथून बोटीनं मुंबईला. रेल्वे येण्याच्या कितीतरी आधीपासून बेळगावचा माल वेंगुर्ल्याच्या बंदरातच उतरायचा. बोट किनाऱ्याला लागत नसे. पडावातून बोटीपर्यंत जायचं आणि लोकांनी धरून वर घ्यायचं. डेकवर पथारी पसरून सगळे आडवे. रात्री आईला बोट लागली, आणि शेजारच्या अनोळखी माणसांच्या बोचक्यावर ती ओकली. वडिलांनी चारचौघांत हात उगारला. "मारलं नाही," आई म्हणाली. "पण अजून आठवतंय बघ." सकाळी त्याच बोचक्याच्या मालकिणीनं तिला आल्याचा तुकडा दिला होता आणि केस विंचरून दिले होते.

साठ वर्षं तिनं हे कुणाला सांगितलं नव्हतं. रात्री भिंतीकडं तोंड करून ती का पडून होती, ते आम्हाला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी गोव्यात उतरलो तर पायाखालची जमीनच डुलत होती. बऱ्याच जणांना असं होतं आणि एक-दोन दिवसांत जातं. महिनाभर टिकलं तर मात्र डॉक्टरांना दाखवावं. चोर्ल्यातून येताना आईला पुढच्या सीटवर बसवलं, समोरचा रस्ता दिसेल असं. पहिल्या वळणावर नेहमीप्रमाणं मागची मंडळी गप्प झाली. भाचा हळूच म्हणाला, "आज्जी, मला मळमळतंय."

आईनं त्याला रागावलं नाही. पर्समधलं लिंबू मागं दिलं आणि दादाला गाडी बाजूला घ्यायला लावली. "सांगितलंस ते बरं केलंस," त्याला म्हणाली. मग दादाकडं वळून म्हणाली, "पुढच्या वेळी डिसेंबरात जाऊ. आणि खोली मधली घे की रे."